ताईच्या कीबोर्डची मांडणी

ताईचं दुखणं आम्हाला सगळ्यात आधी दिसलं ते एका लग्नपत्रिकेवर.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझ्या थोरल्या बहिणीचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, सोसायटीचे ठराव, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते ती करायची. तिच्या हातची पत्रिका कुणी दुसऱ्याला तपासायला देत नसे. त्या पत्रिकेवर मात्र 'शुभविवाह'च्या जागी 'शुबविवाह' छापून आलं. मुलीचे वडील दुकानात आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "ताई, तुमच्याकडनं असं व्हईल असं वाटलं नव्हतं."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं ती नंतर मला म्हणाली.

मी रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. शिफ्ट सुटल्यावर गाडी काढली आणि दुकानात गेलो. ताई कीबोर्ड उलटा करून झटकत होती.

"शिफ्टचं बटण मरतंय बघ," ती म्हणाली. "दाबून धरते, तरी सुटतंय."

मराठी कीबोर्डवर 'ब' आणि 'भ' एकाच बटणावर असतात. डाव्या करंगळीनं शिफ्ट दाबून धरलं तर 'भ', नाहीतर 'ब'. मी बटण काढून साफ केलं. आठवड्यानं तिचा परत फोन आला. मग नवा कीबोर्ड आणला, मऊ बटणांचा. महिन्यानं तोही बिघडला म्हणाली. मी सेटिंगमध्ये शिरून बटणाची गती बदलली, एकच अक्षर दोनदा उमटू नये म्हणून वेळ वाढवली. तिसरा कीबोर्ड मी आमच्या कंपनीतल्या ऑफिसातून थोडे दिवस मागून आणला होता. तीन महिने मी त्या मशीनमध्ये दोष शोधत होतो. बिघाड शोधणं हेच माझं काम, त्याचाच मला पगार मिळतो, आणि तीन महिने मी तिच्या करंगळीकडे एकदाही पाहिलं नाही.

पाहिलं ते दाजींनी. एका सकाळी ब्लाउजचं बटण तिला लावता येईना. दाजी कंपनीची बस चालवायचे, कारेगावातली माणसं उचलून कारखान्यात सोडायचे. त्या दिवशी त्यांनी बस दुसऱ्याच्या हवाली केली आणि मला फोन केला. "पाव्हणं, कीबोर्ड ऱ्हाऊ द्या. हिला पुण्याला न्यावं लागंल."

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मज्जातंतूंचा एक आजार सांगितला. आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. औषध आहे, पण थोपवणारं नाही. हे त्यांनी दाजींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. ताई मात्र आत बसून राहिली नाही. दाराशी येऊन तिनं विचारलं, "टायपिंग किती दिवस करता येईल?"

डॉक्टर म्हणाले, "जमेल तितके दिवस करा."

संगणक मला शिकवला होता तिनंच. कॉलेजात असताना सुट्टीत मी दुकानात बसायचो. माउसला हात लावला की ती माझ्या मनगटावर पट्टी टेकवायची. "जे बटणानं व्हतंय ते बटणानं करायचं. हात उचलला की येळ गेला." तिनं सगळं आपल्या सोयीनं बसवलेलं होतं. नुसतं 'आय' टाइप करून स्पेस दिला की पडद्यावर अख्खं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' उमटायचं. अर्जाच्या शेवटची 'आपला विश्वासू'ची ओळ दोन अक्षरांत यायची. अशा दीड-दोनशे खुणा तिनं स्वतः भरल्या होत्या. गिऱ्हाइकाला वाटायचं बाई जादू करतीया. मला आजही संगणकाची जी काही हौस आहे ती तिथली.

त्यामुळे पुण्याहून आल्यावर मी तेच सुरू केलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. शिफ्ट एकदा दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षरापर्यंत संगणकाच्या लक्षात राहील, अशी सोय मुळातच असते. ती चालू केली. ताईनं 'भ' काढला, परत काढला आणि म्हणाली, "आधीच का न्हाई सांगितलंस? वीस वर्षं करंगळी मोडून घेतली मी." ती हसली. मीही हसलो. त्यानंतर तिनं आणखी सात महिने दुकान चालवलं, आधी दहा बोटांनी, मग सहा, मग दोन.

दुकान बंद केलं तेव्हा संगणक घरी आणला. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल लावलं. निमोण्याहून आई राहायला आली. रानात शेवंतीचे तोडे चालू होते, ते टाकून आली, आणि परत गेली नाही.

दर रविवारी मी काहीतरी नवीन बसवून द्यायचो. पडद्यावरचा माउसचा बाण मोठा केला, मग अजून मोठा आणि पिवळा केला. माउस हलवता येईना तेव्हा आकड्यांच्या बटणांनी बाण हलेल असं केलं. तेही जमेना तेव्हा पडद्यावरच कीबोर्ड आणला. प्रत्येक वेळी नवीन सोय बसली की आम्हाला काहीतरी मिळवल्यासारखं वाटायचं. ते तीन-चार आठवडे टिकायचं. मग मी पुन्हा शोधायला बसायचो.

याच काळात मी ती चूक केली.

आवाज जाणार असेल तर तो आधीच साठवून ठेवता येतो, हे मी वाचलं होतं. माणूस नीट बोलतो आहे तोवर त्याची वाक्यं रेकॉर्ड करायची. पुढे संगणक त्याच आवाजात बोलू शकतो. मी माइक आणला. वाचायच्या वाक्यांची यादी छापली. ती यादी माझ्या गाडीच्या डिकीत अडीच महिने पडून होती. कधी सेकंड शिफ्ट, कधी ओव्हरटाइम, कंपनीत ऑडिट होतं ते दोन रविवार गेले. ही कारणं मी स्वतःला सांगायचो आणि ती खोटी नव्हती. पण खरं कारण निराळं होतं. माइक तिच्यापुढे ठेवायचा म्हणजे तिला सांगायचं की तुझा आवाज जाणार आहे. तिला ते माहीत होतं. मला माहीत होतं. तरी माझ्याकडून ते होईना.

शेवटी ठेवला तेव्हा तिची जीभ जड झाली होती. पहिल्या दोन-तीन वाक्यांतच ती दमली. मी हेडफोन लावून ऐकलं, मला शब्द लागेनात. ताईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूहळू एकेक अक्षर जुळवत विचारलं, "उशीर झाला ना रं?"

मी म्हणालो, "न्हाई, माइकच हलका हाय. दुसरा आणतो."

दुसरा आणला नाही. आणून उपयोग नव्हता.

मग मी तिचा जुना आवाज शोधत फिरलो. नातेवाइकांचे फोन पाहिले, लग्नांचे व्हिडिओ पाहिले. ताई सगळीकडे होती, पण गप्प होती. कुणाची ओटी भरताना, कुणाला वाढताना, मागे उभी. एका बारशाच्या व्हिडिओत कुणीतरी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला होता आणि ती म्हणत होती, "बास झालं, बंद कर की आता." तेवढंच सापडलं. तीन सेकंद.

ती बोलेनाशी झाली तेव्हा मी एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं. त्यात पडद्यावर चौकोन असतात. उजेड एकेका चौकोनावरून सरकत जातो. हवा तो चौकोन आला की खटका दाबायचा, की संगणक ते मोठ्यानं बोलतो. खटका मी कंपनीत वापरतात तसल्या मायक्रोस्विचचा केला. जुन्या माउसचं डावं बटण काढून तिथून दोन वायरी बाहेर घेतल्या. स्विच तिच्या उजव्या गालाशी बसवला. गाल जरा फुगवला की लागायचा. आमच्याकडे मशीनचा दरवाजा बंद झाला की नाही हे कळायला असले स्विच लावतात. एवढ्या हलक्या हातानं दाबलेला स्विच मी तोवर पाहिला नव्हता.

चौकोनांत मी वाक्यं भरली. पाणी दे. कूस बदल. दुखतंय. पंखा लाव. तोंड पूस. दाजींना आणि आईला विचारून विचारून चाळीस वाक्यं जमवली होती. ताईनं सगळी पानं पाहिली. मग अक्षरांच्या पानावर जाऊन लिहायला लागली. आम्ही तिघं वाट पाहत उभे. संगणक बोलला, "यात भांडायचं एक पण वाक्य नाही."

दाजी खाली बसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं स्वतःच भरली मग. "हळू धरा, मी पोतं न्हाई." "दोघं एकदम बोलू नका." "मला इचारल्याशिवाय खिडकी लावायची न्हाई." दाजींसाठी एक खास होतं, "जेवलात का खरं सांगा." ते ती रोज संध्याकाळी ते ड्यूटीवरून आले की दाबायची. दाजी खोटं बोलले की परत दाबायची.

बारशातले ते तीन सेकंद मी एका चौकोनात टाकले होते. आई तिच्या उशाशी बसून डोळ्यांना पदर लावायला लागली की ताई तो चौकोन शोधायची. खोलीत एकदम तिचा मोकळा, जुना आवाज यायचा, "बास झालं, बंद कर की आता." पहिल्या वेळी आई उठून बाहेर गेली. नंतर सवय झाली. कधीकधी मला वाटतं, तो आवाज ऐकायला म्हणूनच आई रडत होती.

बाकी सगळं संगणकाच्या आवाजात. तो कुणा शहरातल्या बाईचा होता, स्वच्छ आणि सपाट. ताईनं 'न्हाई' लिहिलं की सॉफ्टवेअर ते आपणहून 'नाही' करायचं. 'व्हय'चं 'होय' व्हायचं. दोन दिवस तिनं सोसलं, मग लिहिलं, "माझ्या तोंडून दुसरीच बाई बोलतीया." मी शब्दकोशात एकेक शब्द घातला. न्हाई, व्हय, तवा, जवा, कुठं, आन्. दीडेकशे शब्द झाले असतील. कोणता शब्द ती कसा बोलायची हे आठवत घालायचे होते, आणि काहींच्या बाबतीत मला आठवेना. आईला विचारावं लागलं.

अक्षरांच्या पानावरून आमचं एकदाच वाजलं. जी अक्षरं जास्त लागतात ती आधी यावीत म्हणून मी नवीन मांडणी केली होती. तिच्या दुकानातल्या जुन्या फायली काढून कोणतं अक्षर किती वेळा येतं ते पाहून केली होती. पहिल्या ओळीत काना, र, त, य. यानं तिचा वेळ वाचला असता. ताईनं दोन दिवस वापरून पाहिली आणि लिहिलं, "माझी मांडणी दे."

"कुठली तुझी?"

"कीबोर्डची. डाव्या हाताला काना मात्रा. उजव्या हाताला व्यंजनं."

मी समजावायला गेलो. त्या मांडणीत उजेड फिरून यायला जास्त वेळ लागतो. आणि तुला आता हातांनी कुठं टाइप करायचंय. हे शेवटचं मी बोलून गेलो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग गाल फुगवत एकेक अक्षर लावत गेली. पाच मिनिटं लागली असतील. "हात न्हाईत. पर बोटांना अजून ठावं हाय."

मी तिच्या कीबोर्डसारखं पान करून दिलं, बटणं होती तशीच, त्याच जागी. आणि ती खरंच भरभर लिहायला लागली. उजेड कुठं पोचणार हे तिला आधीच कळायचं. 'भ' लिहिताना तिच्या पांघरुणावर ठेवलेल्या हाताकडे माझं लक्ष जायचं. करंगळी हलत नव्हती. ती हलेल असं मला दर वेळी वाटायचं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये पुढचा शब्द सुचवायचीही सोय होती. माणूस रोज काय लिहितो ते लक्षात ठेवून ते पुढचा शब्द समोर आणतं. ताईला ते आवडायचं नाही, पण दम लागायला लागल्यावर तिनं ते चालू ठेवू दिलं. घशात साठलेलं ओढून काढायला घरी एक छोटं मशीन होतं. दिवसातून आठ-दहा वेळा ती 'मशीन लाव' लिहायची. त्यामुळे 'मशीन' लिहिलं की पहिल्या चौकोनात 'लाव' हजर व्हायचं.

थंडी संपता संपता तिचा श्वास कमी पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता व्हेंटिलेटरचा विचार करावा लागेल, गळ्यातून नळी घालून. एकदा लावलं की काढता येणार नाही. निर्णय तिलाच घेऊ द्या.

एका रविवारी दुपारी दाजींनी तिला सगळं सांगितलं. बस चालवणारा माणूस, कधी लांबलचक बोललेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी ते न थांबता बोलले. नळी काय असते, कुठं घालतात, किती दिवस. शेवटी म्हणाले, "तू म्हणशील तसं करू. पर माझं इचारशील तर लावावं."

ताईनं डोळे मिटून घेतले. मग पडद्याकडे पाहिलं.

म. श. दीर्घ वेलांटी. न. पडद्यावर 'मशीन' उमटलं आणि वरच्या चौकोनात 'लाव' आलं. उजेड सरकत निघाला. आधी वरच्या ओळीवर जातो, तिथंच 'लाव' होतं. मी तिच्या गालाकडे पाहत होतो. दाजीही. गाल हलला असता तर एका खटक्यात वाक्य पुरं झालं असतं. उजेड 'लाव'वर आला, ठरलेले दोन सेकंद थांबला आणि पुढे गेला.

न. तिला धाप लागली होती. क. काना, मात्रा. शेजारच्यांच्या घरात टीव्ही चालू होता, तेवढाच आवाज. ती थांबली नाही. बोलण्याचा चौकोन आला तेव्हा दाबला, आणि त्या शहरातल्या बाईनं वाचून दाखवलं, "मशीन नको. घरीच."

दाजींनी मान हलवली. आईला कळलं नव्हतं, तिनं मला विचारलं, "काय म्हणली?" मी सांगितलं.

त्यानंतर ती सात आठवडे होती. शेवटचे दहा-बारा दिवस गालही साथ देईना. मी स्विच भुवईपाशी लावून पाहिला, पायाच्या अंगठ्याशी लावून पाहिला. मग तिनं डोळ्यांनीच नको म्हटलं, आणि मी वायर गुंडाळून ठेवली. त्या दिवसांत दाजी तिच्याजवळ बसून एकेक गोष्ट विचारायचे, ती पापणी मिटायची. त्याला काही बसवावं लागत नव्हतं. मी फर्स्ट शिफ्टला असताना सकाळी कंपनीच्या ऑफिसात दाजींचा फोन आला. आमच्याकडे मशीनवर फोन घ्यायला बंदी आहे, सुपरवायझर स्वतः चालत माझ्याकडे आला, तेव्हाच मला समजलं.

तेराव्यानंतर दाजी म्हणाले, "पाव्हणं, ते कॉम्प्युटर पहिल्यासारखं करून द्या. चालू केलं की बोलतंय. आई दचकतात."

मी बसलो. बोलणं बंद केलं. उजेडाची गती, चौकोन, पडद्यावरचा कीबोर्ड काढला. पिवळा बाण पांढरा केला, लहान केला. शेवटी शिफ्टची सोय राहिली. ती बंद करताना मला एकदम जाणवलं, की आता हा संगणक त्या चुकलेल्या पत्रिकेच्या आधीचा झाला आहे, आणि ज्या हातांना तो असा लागत होता ते हात नाहीत. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा ठेवू का रं?" मी हो म्हणालो आणि संगणक बंद केला.

त्यानंतर दीडेक वर्षानं दौंडहून एकांचा फोन आला. ताईला व्यायाम द्यायला यायच्या त्या बाईंनी माझा नंबर दिला होता. नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, हाच आजार, हात गेले आहेत. बोलणाऱ्या त्याच्या पत्नी होत्या. रविवारी गेलो. काकांचं बोलणं जरा घसरत होतं, पण स्पष्ट होतं. मी पिशवीतून आधी माइक काढला आणि टेबलावर ठेवला. कशासाठी ते सांगितलं. माझी जीभ अडखळली, पण सांगितलं.

काका म्हणाले, "आत्ताच कशाला? अजून बोलतोय की मी."

"म्हणूनच," मी म्हणालो. "माझ्या बहिणीच्या वेळी मी थांबलो होतो."

मी वाक्यांची यादी त्यांच्यासमोर धरली. काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या यादीतलं नंतर घ्या. आधी ह्यास्नी माझं नाव घ्यायला सांगा. पस्तीस वर्षं झाली, नुसतं 'अगं' म्हणत्यात."

काका लाजले. खरंच लाजले, त्या वयाचा माणूस. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पाव्हण्यांसमोर कसं घेऊ?"

मी रेकॉर्डिंग चालू केलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दार लोटलेलं होतं. आत बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग काकांनी घसा साफ केला.